वायरीला विणकराची गाठ

मित्रांनो, स्पीकरच्या वायरीकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? नसेलच. स्पीकरकडे सगळे पाहतात, त्याच्यावर जमलेली धूळ पुसतात, पाहुणे आले की त्याच्यावर हात ठेवून फोटोही काढतात. मी मात्र कपाटामागून, भिंतीच्या कडेने, चपलांच्या स्टँडखालून गुपचूप जात असते. मी तीच वायर. माझं वय झालं आहे. अंगावरचं पारदर्शक प्लास्टिक पिवळट पडलं आहे. आणि काही महिन्यांपूर्वी एका सुट्टीच्या सकाळी मी जे पाहिलं, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

हसू नका. लोकांना झटका देणाऱ्या वायरी वेगळ्या. मी नुसता आवाज वाहून नेते. मी कुणाचं वाईट केलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

माझा जन्म सुरतेजवळ कामरेजला झाला, हायवेला लागून असलेल्या एका छोट्या कारखान्यात. तिथे तांब्याच्या जाड सळईला एकाहून एक लहान भोकांतून ओढत नेतात. प्रत्येक भोकातून बाहेर पडताना मी जास्त बारीक आणि जास्त लांब होत गेले. शेवटी केसासारख्या तारा झाल्या. तशा पुष्कळ तारा एकत्र पिळून माझे दोन पदर तयार झाले, त्यांच्यावर गरम प्लास्टिक चढलं आणि एका पदरावर कारखान्यातल्या यंत्राने लाल रेघ ओढली. ही रेघ शोभेची नव्हे. रेघेचा पदर अॅम्प्लिफायरच्या लाल भोकात जायला हवा आणि दुसऱ्या टोकाला स्पीकरच्याही लाल भोकातच जायला हवा. दोन्ही स्पीकरांना अगदी सारखंच. एवढं पाळलं की माझ्याकडून दुसरं काही मागू नका.

सुरतेच्या दुकानात मी बरेच दिवस गुंडाळी होऊन टांगलेली होते. समोर काचेच्या पेटीत एक वेणी घातलेली जाडजूड वायर होती. तिची टोकं सोनेरी. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचा, हिच्यातून गेलेला आवाज मखमली होतो. मी ते ऐकून रोज मनात खट्टू होत असे. पुढे कळलं की काळजी करायचं काही कारण नव्हतं. अंतर एका खोलीपुरतं असलं, तांबं खरं असलं, जाडी बेताची असली आणि टोकं स्वच्छ असली, तर माझ्यासारखी साधी वायरही आवाजातलं काही कमी करत नाही. मी फारच बारीक असते किंवा मला दहा खोल्या ओलांडायच्या असत्या, तर गोष्ट वेगळी. मग मीच वाटेत थोडा आवाज खाल्ला असता.

मला विकत घेतलं काशिनाथ यांनी. हे मूळचे परभणीकडचे, सेलूच्या बाजूचे. बावीस वर्षं सुरतेत, पॉवरलूमच्या खात्यात. खातं म्हणजे माग चालतात ती शेड. तिथे ते जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. राहायला कोसाडच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात बायको सुमन आणि कॉलेजात जाणारी मुलगी मयुरी. सुमन दिवसभर घरीच साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. तिच्याभोवती कायम साड्यांचे गठ्ठे, गोंदाची बाटली आणि रंगीत रिळं.

काशिनाथांनी जुन्या बाजारातून दोन लाकडी स्पीकर, एक अॅम्प्लिफायर आणि सीडीची पेटी आणली होती. मला मधोमध कापून त्यांनी एक तुकडा उजव्या स्पीकरला लावला, एक डाव्याला. तेव्हापासून मी दोन अंगांनी जगते. पहिल्या दिवशी गवळण लागली आणि गाणारी बाई बरोबर मधोमध, कपाटाच्या आरशासमोर येऊन उभी राहिली. म्हणजे बाई कुठली तिथे, पण दोन्ही स्पीकर एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे हलले की आवाज तसा मधोमध येतो. काशिनाथ चटईवर मांडी घालून बसले होते. ते उठून आरशापाशी गेले आणि हवेत हात फिरवून पाहू लागले. मयुरी तेव्हा लहान होती. ती हसून हसून लोळली. किती अभिमान वाटला मला त्या दिवशी!

खात्यात काशिनाथांचं नाव होतं ते त्यांच्या कानांमुळे. खातं मी पाहिलेलं नाही, पण घरात येणारे कारीगर, म्हणजे माग चालवणारे लोक, सांगत. काशिनाथ दारात चप्पल काढता काढता सांगतात म्हणे, की मागच्या रांगेतल्या अमुक मागाचा पट्टा सैल झालाय. एवढ्या खडखडाटात, जिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी हातवारे करावे लागतात! खात्याचे मालक मगनशेठ गुजराती. ते सगळ्यांना सांगत की काशीभाईचे कान आहेत तोवर मला मिस्त्री बोलवावा लागत नाही.

म्हणूनच पुढचं सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो.

एक दिवस घरात फरशी बसवायचं काम निघालं. लोखंडी कपाट सरकवताना त्याचा पाय माझ्या डाव्या अंगावरून गेला आणि मी तुटले. संध्याकाळी काशिनाथ कामावरून आले. त्यांनी मला उचलून पाहिलं.

सुमन म्हणाली, "अवो, वायरवाल्याला बोलवा की."

"तुटलेलं जोडायला मला माणूस लागतो व्हय?" काशिनाथ म्हणाले. "दोराच की ह्यो. तुटला दोरा, मारली गाठ."

आणि त्यांनी खरंच गाठ मारली, मित्रांनो. दातांनी माझं प्लास्टिक सोललं, चेंगरलेला भाग तोडून टाकला आणि माझ्या तांब्याला विणकराची गाठ मारली. ती गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता. बोटं कधी वळली आणि गाठ कधी बसली हे मलाही कळलं नाही. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो दोरे असतात, सगळे एकाच रंगाचे. एक तुटला की समोर जे टोक मिळेल त्याला बांधायचं आणि माग सुरू करायचा, हीच त्यांची बावीस वर्षांची सवय. त्याच सवयीने त्यांनी माझेही पदर समोर आले तसे बांधले, प्रत्येकावर वेगळी चिकटपट्टी गुंडाळली आणि मला कपाटामागे ढकलून दिलं. लाल रेघेकडे त्यांनी पाहिलंच नाही. रेघेचा पदर बिनरेघेच्या पदराला जाऊन मिळाला, आणि बिनरेघेचा रेघेच्या पदराला.

मी ओरडले असते, पण मला माझा असा आवाजच नाही.

आवाज बंद पडला असता तर बरं झालं असतं. लगेच कुणीतरी मला बाहेर ओढून पाहिलं असतं. पण आवाज येत राहिला आणि तिथेच सगळे फसले. डावा स्पीकर आता उलटा चालू लागला. उजवा पुढे येई तेव्हा हा मागे जाई. साड्यांच्या गठ्ठ्यांची हातगाडी दोघांनी मागून धरली, आणि एक ढकलतोय तर दुसरा ओढतोय, तर गाडी जागची हलेल का? तसंच झालं. ढोलकीचा भरदार ठोका दोघांच्या ओढाताणीत नाहीसा झाला. बाई आरशासमोरून उठून कुठे गेली ते कळेना. आवाज सगळ्या खोलीभर होता आणि कुठेच नव्हता.

काशिनाथ चटईवर बसले. गवळण सुरू झाली. त्यांनी आवाज वाढवला. मान इकडे केली, तिकडे केली. पुढे सरकून बसले. मग उठले आणि पेटी बंद करून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी करंगळीने कान साफ केला.

बसला ना तुम्हालाही धक्का? चूक माझ्या गाठीत होती आणि या माणसाने ती स्वतःच्या कानांवर घेतली!

आता त्यांचंही सगळं चुकत होतं असं नाही. खात्यात त्यांच्या आधीचे जॉबर बहिरे झाले होते आणि शेवटी शेठने त्यांना फाटकावर बसवलं होतं. ते आल्यागेल्याला नुसते हात करत. काशिनाथांना रोज ते दिसत. आपली पाळी आली, असं ते धरूनच चालले. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. सुमनला विचारलं नाही, मयुरीला विचारलं नाही. चार महिने! गाणं लावायचं, पाच मिनिटं ऐकायचं आणि तोंड पाडून बंद करायचं, एवढाच त्यांचा सुट्टीचा कार्यक्रम झाला.

एकदा फक्त किरणला सांगितलं. किरण त्यांच्याच खात्यातला कारीगर, खालच्या मजल्यावर राहणारा. दोघे गॅलरीत बोलत होते आणि पेटी बंद होती.

"भाऊ, वायर बदला," किरण म्हणाला. "माझ्या मेव्हण्यानं बोटाएवढी जाड बसवलीया. सोन्याच्या टोकांची. आवाज लई मऊ लागतो."

काशिनाथ कडवट हसले. "वायर बदलून नवे कान येतेत का रे?"

मी भिंतीच्या कडेला पडून हे ऐकत होते. किरणचं कारण साफ खोटं होतं, सोन्याने काही होणार नव्हतं. पण त्या निमित्ताने कुणी मला हातात घेतलं असतं, तर गाठ तरी दिसली असती. तेही झालं नाही.

मग माणसाची हिंमत कशी खचते ते मी पाहिलं. खात्यात म्हणे काशिनाथ स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवीनासे झाले. चांगला चाललेला माग थांबवून उघडू लागले. कारीगर कुजबुजू लागले. आणि एका संध्याकाळी जेवताना त्यांनी सुमनला सांगितलं, "म्या शेठला सांगून आलो. महिनाभरानं काम सोडतो. आपण गावाकडं जाऊ."

सुमनच्या हातातला घास ताटात पडला. "गावाकडं? आन् काय करायचं तिकडं? पोरीचं कॉलेज?"

"मला नीट ऐकू येईना गेलंय," काशिनाथ म्हणाले. "फाटकावर बसायच्या आधी गेलेलं बरं."

काशिनाथ ताट सारून उठले. मयुरी रडून रडून झोपली. बावीस वर्षांचं बिऱ्हाड उठणार होतं, आणि कशामुळे, तर माझ्या एका गाठीमुळे!

दोन दिवसांनी सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. दारात मगनशेठ स्वतः उभे. सुमनने घाईघाईने साड्यांचे गठ्ठे बाजूला करून त्यांना खुर्ची दिली.

"काशीभाई, आ शुं सांभळुं छुं? हे काय ऐकतोय मी?" शेठ म्हणाले. "तुम्ही गेलात तर मारुं खातुं कोण सांभाळणार?"

"शेठ, कान गेले," काशिनाथ म्हणाले. "खोटं वाटतं तर दाखवतो. ही गवळण मी बारा वर्षं ऐकतोय. पहिले बाई मधोमध उभी राहायची. आता बघा."

त्यांनी पेटी लावली. गवळण सुरू झाली. माझ्या दोन्ही अंगांतून ती धावली, एकातून सुलटी आणि एकातून उलटी. शेठने मान तिरकी केली. डोळे मिटले. मग उघडले आणि काशिनाथांकडे पाहिलं.

"पण काशीभाई, मने पण एवुं ज संभळाय छे. मलाही असंच ऐकू येतं, बाई मध्ये नाही दिसत. ढोलक तो एकदम पोकळ."

काशिनाथांनी वळून सुमनकडे पाहिलं. सुमनच्या बोटांना गोंद लागलेला होता, ती तशीच पुढे आली.

"मला बी तसंच येतंय की," ती म्हणाली. "चार महिने झाले."

"पप्पा, मला पण," मयुरी आतून ओरडली.

"मंग बोलली का न्हाईस?" काशिनाथ सुमनवर जवळजवळ धावूनच गेले.

"मला काय म्हाईत! तुमीच काई बटन फिरवून तसं लावलंय वाटलं. तुमच्या पेटीला हात लावू देता का कुणाला?"

मित्रांनो, मी थक्क झाले. एकाच खोलीत तीन माणसं चार महिने एकच बिघडलेला आवाज ऐकत होती आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं!

मग सुमन गुडघ्यांवर बसली. तिने अॅम्प्लिफायरपासून माझं बोट धरलं आणि मला कपाटामागून ओढत ओढत बाहेर काढलं. चिकटपट्टीपाशी ती थांबली. साडीच्या खड्याला आणि दोऱ्याला रंग जुळवण्यात तिचा जन्म गेलेला. तिची नजर रेघेवरच गेली.

"ह्ये बघा. इकडून लाल रेघ या पदराला हाय, आन् गाठीच्या पुढं दुसऱ्याच पदराला. असा दोरा मी साडीला लावला असता तर माल परत आला असता."

काशिनाथ माझ्याकडे पाहत राहिले. स्वतःची गाठ त्यांनी ओळखली. चिकटपट्टी त्यांनी नखाने सोलून काढली. त्यांनी दोन्ही गाठी कापल्या, तारा सरळ केल्या, रेघेचा पदर रेघेच्या पदराशी आणि बिनरेघेचा बिनरेघेच्या पदराशी लावून घट्ट पिळला, दोघांना वेगवेगळी पट्टी गुंडाळली. पेटी पुन्हा लागली. आणि बाई आली! आरशासमोर, बरोबर मधोमध. ढोलकी अशी भरून वाजली की स्टँडवरच्या चपला हलल्या. मयुरीने टाळ्या वाजवल्या. काशिनाथ डोळे पुसत हसत होते. "माझे कान हायेत. सुमन, माझे कान हायेत!" सुमन चहा ठेवायला वळली.

इथे माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. मला तर वाटलं होतं, संपलीच.

शेठ खुर्चीत मागे रेलून ऐकत होते. गवळणीचं शेवटचं कडवं आलं. शेठ खुश होऊन म्हणाले, "वाह! घूघरा केटला सरस वागे छे!"

"कोणते घुंगरू?" काशिनाथांनी विचारलं.

"अरे, हे घुंगरू. आत्ता वाजतायत ते."

"या गाण्यात घुंगरू न्हाईत, शेठ."

सुमन वळली. चहाचं भांडं तिच्या हातातच राहिलं. "अवो, हायेत की," ती हळूच म्हणाली. "आत्ता बी वाजायलेत."

काशिनाथ उठून स्पीकरपाशी गेले. कान अगदी चिकटवला. मी माझ्या प्रत्येक तारेतून घुंगरू नेत होते, अगदी स्वच्छ, आणि ते त्यांच्या कानापासून बोटभर अंतरावर वाजत होते. त्यांनी मान हलवली. नाही.

मला त्या क्षणी पुन्हा उलटं जोडून घ्यावंसं वाटलं. निदान दोष तरी माझा राहिला असता.

बाई गात होती, ढोलकी वाजत होती. सुमनने चहाचं भांडं खाली ठेवलं. शेठसमोर ती कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. "शेठ, तुमी खात्यात काचेच्या खोलीत बसता," ती म्हणाली. "ह्ये बावीस वर्षं बाहेर मागांच्या खडखडाटात उभे हायेत."

शेठने चहा घेतला नाही. ते खाली पाहतच उठून गेले.

मयुरी पप्पांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कानांना यंत्र लावून तपासलं. बारीक, उंच आवाज कानांतून गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मोठे, जाड आवाज अजून चांगले ऐकू येतात. उरलंय ते सांभाळा, त्या म्हणाल्या, मशीनजवळ कान झाकल्याशिवाय एक दिवसही जाऊ नका. सगळी वर्षं हेच कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर कुणी मनावर घेतलं नव्हतं. खात्यात कानांत बोळे घालणाऱ्याला काशिनाथच हसत असत, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

काशिनाथ गावाकडे गेले नाहीत. मागाचा ठोका जाड असतो, कानांत बुचं घालूनही त्यांना तो कळतो. शेठने सगळ्यांसाठी बुचं आणली. निम्मे लोक घालतात, निम्मे खिशात ठेवतात. किरण अजून खिशातच ठेवतो. मला त्याचा राग येतो.

म्हणून मित्रांनो, माझं ऐका. आवाज बिघडला तर आधी मला बाहेर काढून पाहा. माझी टोकं काळी पडलीत का, रेघेला रेघ मिळालीय का ते पाहा. मग शेजारी बसलेल्याला विचारा, तुलाही असंच ऐकू येतंय का? विचारायला लाजू नका. मी तुटले तर दुकानात माझ्या बहिणींच्या गुंडाळ्याच्या गुंडाळ्या टांगलेल्या आहेत. तुमच्या कानांना मात्र बहीण नाही. जिथे ओरडून बोलावं लागतं, तिथे कान झाकून जा. कुणी हसलं तर हसू द्या.

काल सुट्टी होती. काशिनाथ चटईवर बसले होते. शेवटचं कडवं आलं तेव्हा सुमनने साडी बाजूला ठेवली आणि ती त्यांच्याजवळ येऊन बसली. त्यांचं मनगट तिने आपल्या मांडीवर घेतलं आणि घुंगरू वाजतील तशी त्यावर एका बोटाने टिचक्या मारू लागली.

काशिनाथ तिच्या बोटाकडे पाहत राहिले.

"इतके दाट हायेत व्हय?" ते म्हणाले.